दुधाळ काच आणि तीन नकार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं...' आणि 'म्हणजे कसंय ना' झालं होतं, ते बरंचसं काढून टाकलंय. थोडं राहिलंय, ते चालवून घ्या.

मागच्या महिन्यात माझा फोन जिन्यावरून पडला. सात पायऱ्या. मी मोजल्या, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं. उचलून बघतो तर स्क्रीनच्या कोपऱ्यात शाई सांडावी तसा काळा डाग, आणि तो हळूहळू पसरतोय. तसाच उठलो आणि पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. रिपेअरवाल्या दादांनी एक नजर टाकली आणि डॉक्टरसारखं सांगितलं, "डिस्प्ले गेला." नवीन बसवला, आणि जुना पॅनेल मी मागून घेतला. ते म्हणाले, "घेऊन जा, पण फोडू नका. आत पाणी असतं त्याच्या."

पाणी! मला हसू आलं. मग घरी येताना वाटलं, दादा तसे फार चुकले नव्हते. माझ्या साध्याशा फोनच्या त्या दोन काचांमध्ये खरंच एक वाहणारा पदार्थ होता. थर इतका पातळ, की माणसाचा केस त्याच्यापेक्षा कितीतरी जाड. लहानपणी कॅल्क्युलेटरची स्क्रीन बोटाने दाबायचो, आणि दाबलं की तिथे काळपट-निळसर ढग उमटायचे, आठवतंय? आई ओरडायची, "मोडशील!" ते ढग म्हणजे हाच पदार्थ. लिक्विड क्रिस्टल. एलसीडीतला 'एलसी'.

या पदार्थाला पहिल्यांदा कामाला लावणारा माणूस म्हणजे जॉर्ज हाइलमायर. आजची गोष्ट त्याची. पण ही 'शोध लागला, टाळ्या पडल्या' अशी सरळ गोष्ट नाहीये. हिच्यात तीन नकार आहेत. पहिला त्याला मिळाला. दुसरा त्याने स्वतः दिला. आणि तिसरा... तिसऱ्यावर मी अजून विचार करतोय.

गाजर, आणि पंच्याहत्तर वर्षांची झोप

आधी थोडं मागे जाऊ. 1888. प्राग शहर. फ्रीड्रिख राइनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून बनवलेला एक पदार्थ त्याने तापवला, आणि तो पदार्थ दोनदा वितळला! साधारण 145 डिग्रीला घट्टाचा गढूळ द्रव झाला, आणि 178 डिग्रीच्या पुढे तोच द्रव एकदम स्वच्छ झाला. आता बर्फ काही दोनदा वितळत नाही, तूपही नाही. मग हे काय?

राइनित्झरने जर्मनीतल्या ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाला नमुने पाठवले. लेमानने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं, की मधला तो गढूळ द्रव वाहतो पाण्यासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. सोपं करून सांगतो. वारीत माणसं पुढे सरकत असतात, कुणीच एका जागी उभं नसतं, तरी सगळ्यांची तोंडं पंढरपूरच्या दिशेला असतात. या पदार्थाचे लांबट रेणू तसेच. जागा बदलत राहतात, पण दिशा सांभाळतात.

शोध भारी होता, पण उपयोग काय? पुढची जवळजवळ पंच्याहत्तर वर्षं हा प्रयोगशाळेतला एक चमत्कारच राहिला.

सफाई कामगाराचा मुलगा

जॉर्ज हाइलमायरचा जन्म 22 मे 1936 चा, अमेरिकेत फिलाडेल्फियातला. वडील सफाई कामगार. मुलगा शिकला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला, आणि 1958 मध्ये आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत लागला. नोकरी करता करता कंपनीच्याच मदतीने प्रिन्स्टन विद्यापीठातून पीएचडी केली.

आरसीए म्हणजे तेव्हा काय होतं, हे आज सांगून पटणार नाही. अमेरिकेतल्या घराघरात रंगीत टीव्ही पोचवणारी हीच कंपनी. तिचा सगळा पैसा उभा होता पिक्चर ट्यूबवर. तोच तो जुन्या टीव्हीचा मागे फुगलेला डबा, जो उचलायला दोन माणसं लागायची आणि ज्याच्यावर आजी क्रोशाचं कव्हर घालायची.

1962 मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या रिचर्ड विल्यम्स यांना दिसलं, की लिक्विड क्रिस्टलच्या पातळ थराला वीज दिली की त्यात पट्टे उमटतात. म्हणजे वीज देऊन या पदार्थाचं दिसणं बदलता येतं! पण अडचण अशी, की तो पदार्थ शंभर डिग्रीच्या वर तापवून ठेवावा लागायचा. असा टीव्ही घेतला तर त्याच्यावर चहाही झाला असता.

हाइलमायर तेव्हा विशीत होता. आधी त्याचं काम मायक्रोवेव्ह उपकरणांवर होतं. ते चालू, बऱ्यापैकी सुरक्षित क्षेत्र सोडून तो या गढूळ द्रवाच्या मागे लागला. 1964 मध्ये त्याने लिक्विड क्रिस्टलमध्ये रंग मिसळून पाहिला आणि थोडेसे व्होल्ट देताच लाल दिसणारा थर रंगहीन झाला. मग त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला दुसरी, जास्त कामाची गोष्ट सापडली. तिला 'डायनॅमिक स्कॅटरिंग' म्हणतात.

नाव जड आहे, कल्पना सोपी. दोन काचा घ्या. त्यांच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा पारदर्शक थर द्या. मध्ये लिक्विड क्रिस्टल भरा. वीज नाही, तोवर काच स्वच्छ. वीज दिली, की द्रवातले आयन धावायला लागतात, रेणूंची शिस्त मोडते, आत खळबळ माजते, आणि तेवढी जागा बाथरूमच्या खिडकीसारखी दुधी होते. बटण बंद केलं की परत स्वच्छ. आता तो विजेचा थर '8' च्या आकारात सात तुकड्यांत कापा आणि हवे तेवढेच तुकडे दुधी करा. झाला आकडा! ना फुगलेली ट्यूब, ना तापणारी तार.

राहिला प्रश्न तापमानाचा. तो सोडवला जोएल गोल्डमाकर आणि जोसेफ कॅस्टेलानो या रसायनशास्त्रज्ञांनी. एकट्या पदार्थाऐवजी त्यांनी मिश्रणं करून पाहिली. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो आणि बर्फ शून्याच्या खाली असतानाच वितळायला लागतो, तसंच इथे. दोन-तीन सारखे पदार्थ एकत्र केले की मिश्रण कमी तापमानाला द्रव होतं. अशी मिश्रणं शोधत शोधत ते खोलीच्या तापमानापर्यंत आले.

हे सगळं कंपनीने गुपित ठेवलं होतं. 28 मे 1968 ला न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर प्लाझाला पत्रकार परिषद घेऊन आरसीएने ते जगाला दाखवलं. एक डिजिटल घड्याळ होतं, आणि काचेवर उमटणारं स्थिर चित्र होतं. हाइलमायरला बत्तीस वर्षं पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. भिंतीवर फोटोसारखा टांगायचा टीव्ही त्याला आता अगदी जवळ आलाय असं वाटत होतं.

पहिला नकार

आणि मग? मग विशेष काही झालंच नाही.

आरसीएने लिक्विड क्रिस्टल बंद केलं नाही, पण मनापासून धरलंही नाही. का, ते समजून घ्या, कारण इथे त्यांना मूर्ख म्हणणं फार सोपं आहे. त्यांच्या पिक्चर ट्यूबचे कारखाने जोरात चालू होते. रंगीत टीव्हीत गुंतवलेला पैसा आता कुठे परत यायला लागला होता. ट्यूबवरचं चित्र सुंदर होतं, हलतं होतं. आणि हाइलमायरची काच? ती मंद होती. एक आकडा पुसून दुसरा उमटायला डोळ्याला कळेल इतका वेळ लागायचा. पदार्थ टिकतील का, याची खात्री नव्हती. त्यात कंपनीने कॉम्प्युटरच्या धंद्यात हात घातला होता, आणि 1971 मध्ये प्रचंड तोटा खाऊन त्यातून बाहेर पडली. तिजोरी आणि धीर, दोन्ही कमी पडले.

हाइलमायर 1970 मध्ये प्रयोगशाळेतून बाहेर पडला. 'व्हाइट हाउस फेलो' म्हणून वॉशिंग्टनला गेला आणि संरक्षण खात्यात रुजू झाला. चौतिसाव्या वर्षी. स्वतःच्या शोधाला पाठ दाखवून.

तिकडे जपानमध्ये शार्प कंपनीतले तोमिओ वादा हे इंजिनिअर एनएचकेवर जगातल्या कंपन्यांवरचा एक कार्यक्रम बघत होते. त्यात आरसीएची ही काच दिसली. त्यांच्या डोक्यात लगेच आलं, कॅल्क्युलेटर! शार्पने आधी आरसीएलाच विचारलं, की आमच्यासाठी कॅल्क्युलेटरचे डिस्प्ले बनवाल का? आरसीएने नाही म्हटलं. मग शार्पने परवाना घेतला आणि स्वतःच बनवायला लागले. 1973 मध्ये त्यांचा ईएल-805 बाजारात आला. एलसीडीचा कॅल्क्युलेटर, आत हाइलमायरचंच डायनॅमिक स्कॅटरिंग, आणि एका पेन्सिल सेलवर 100 तास चालायचा.

आरसीएने 1976 मध्ये आपला एलसीडीचा धंदा टायमेक्स या घड्याळांच्या कंपनीला विकून टाकला. 1986 मध्ये खुद्द आरसीएच जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. हुशार माणूस, आंधळी कंपनी. मीही रिसर्च करताना इथेच थांबणार होतो. भाग तयार होता, शेवटी 'स्वप्न सोडू नका' म्हणायचं आणि सबस्क्राइबची आठवण करून द्यायची. पण पुढे वाचलं आणि गडबड झाली.

दुसरा नकार

हाइलमायरच्याच गटात वोल्फगँग हेलफ्रिख नावाचा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होता. डायनॅमिक स्कॅटरिंग नेमकं कसं होतं, याचं गणित मांडायचं काम त्याने केलं. त्याच्या डोक्यात एक वेगळी कल्पना आली. द्रवात खळबळ कशाला माजवायची? रेणूंना पीळच देऊ या की.

हे नीट सांगतो, कारण माझ्या त्या फुटलेल्या डिस्प्लेचा वंश इथून सुरू होतो. प्रकाशाची लाट वर-खाली हलू शकते, आडवी हलू शकते. पोलरायझर म्हणजे एक गाळणी, खिडकीच्या गजांसारखी. एकाच दिशेने हलणारा प्रकाश ती पुढे सोडते. दोन गाळण्या एकमेकींना काटकोनात ठेवल्या की प्रकाश पूर्ण अडतो. आता मध्ये लिक्विड क्रिस्टल असं भरा, की खालच्या काचेपाशी रेणू एका दिशेला आणि वरच्या काचेपाशी काटकोनात, म्हणजे मध्ये गोल जिन्यासारखा पीळ. प्रकाश त्या जिन्याने वळत वळत जातो आणि दुसऱ्या गाळणीतून आरामात बाहेर पडतो. वीज दिली की रेणू ताठ उभे राहतात, जिना मोडतो, प्रकाश अडतो आणि ती जागा काळी दिसते.

यात द्रवातून प्रवाह वाहवायची गरजच नाही, म्हणून वीज नावापुरती लागते. सेल कितीतरी जास्त टिकतो.

हेलफ्रिखने ही कल्पना हाइलमायरला सांगितली. हाइलमायरने रस दाखवला नाही. कारण? दोन पोलरायझर लागतात, आणि ते प्रकाश खातात.

मी हे वाचून फोन बाजूला ठेवला. ज्याच्या शोधाला वरच्यांनी 'अजून जमलेलं नाही' म्हणून बाजूला सारलं, त्याच माणसाने खालच्याला जवळजवळ तेच उत्तर दिलं! आणि परत लक्षात घ्या, मुद्दा बरोबर होता. पोलरायझर खरंच निम्म्याहून जास्त प्रकाश खातात. डायनॅमिक स्कॅटरिंगचं तर सगळं सौंदर्यच हे, की त्याला पोलरायझर लागत नाहीत. हाइलमायर खोटं बोलला नाही. त्याने आपल्या काचेच्या मापाने दुसऱ्याची काच मोजली, एवढंच.

हेलफ्रिख 1970 मध्ये स्वित्झर्लंडला, बाझेलच्या हॉफमन-ला रोश या औषध कंपनीत गेला. तिथे मार्टिन शाट या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याने ती पिळाची काच बनवली, आणि 4 डिसेंबर 1970 ला पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही याच कल्पनेवर काम केलं होतं. पुढे त्यावरून पेटंटचा वाद झाला, तो पैसे देऊन मिटला. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांनी 1972 च्या सुमारास खोलीच्या तापमानाला टिकणारे नवे लिक्विड क्रिस्टल बनवले, आणि पिळाच्या काचेला हवा तसा पदार्थ मिळाला. 1973 मध्ये सेइकोचं सहा आकड्यांचं एलसीडी घड्याळ आलं, ते या पिळाचंच. काही वर्षांत डायनॅमिक स्कॅटरिंग मागे पडलं.

मग टीव्ही? त्यासाठी आणखी एक माणूस लागला. पीटर ब्रोडी, मूळचे बुडापेस्टचे, पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसमध्ये होते. प्रत्येक ठिपक्यामागे एक छोटा ट्रान्झिस्टर ठेवायचा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचं बटण, हे त्यांच्या गटाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला करून दाखवलं. त्यांच्याही कंपनीने पुढे ते काम थांबवलं. आज तुमच्या हातात ॲमोलेड स्क्रीन असेल, तर तिच्यात लिक्विड क्रिस्टल नाही, पण ठिपक्यामागच्या ट्रान्झिस्टरची ही जाळी तिच्यातही आहे.

एक आपल्या जवळचा धागाही यात आहे. पिळाच्या स्क्रीनमध्ये एक खोड होती. बाजूने बघितलं की रंग उलटेपालटे व्हायचे. जुन्या लॅपटॉपवर चार जण सिनेमा बघायला बसले की मधल्या दोघांचीच मजा. या खोडीवर जी पातळ फिल्म लावली गेली, तिच्यात थाळीसारख्या चपट्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल वापरले गेले. असे चपटे रेणूही लिक्विड क्रिस्टल होतात, हे 1977 मध्ये दाखवलं बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हे चंद्रशेखर सी. व्ही. रामन यांचे भाचे, आणि एमएस्सी केलेले नागपूर विद्यापीठातून!

तिसरा नकार

आता हाइलमायरकडे परत येऊ. 1975 मध्ये तो डार्पाचा संचालक झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ही संस्था भविष्यातल्या कल्पनांना पैसे देते. इंटरनेटचं बीज तिथलंच. म्हणजे आता तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. लोक कल्पना घेऊन यायचे, आणि हो-नाही तो ठरवायचा.

त्याने काही प्रश्न ठरवून टाकले. पैसे हवे असतील तर आधी यांची उत्तरं द्या. ते आजही 'हाइलमायरचे प्रश्न' म्हणून ओळखले जातात आणि डार्पात आजही वापरतात. माझ्या भाषेत सांगतो.

तुम्हाला नक्की करायचंय काय? एकही जड शब्द न वापरता सांगा.
आज हे काम कसं होतं, आणि कुठे अडतं?
तुमच्याकडे नवीन काय आहे, आणि ते चालेल असं का वाटतं?
चाललं तर कुणाला फरक पडणार, आणि कोणता?
धोके कोणते?
पैसे किती, वेळ किती?
आणि अर्ध्या वाटेवर कसं कळणार की आपण बरोबर चाललोय? शेवटी कसं कळणार की जमलं?

या प्रश्नांतून बरंच काही पार झालं. रडारला सहज न दिसणाऱ्या स्टेल्थ विमानाचं सुरुवातीचं काम त्याच्याच काळात पुढे सरकलं. पण सगळं पार झालं नाही. 1971 पासून डार्पा पाच वर्षं एका कामाला पैसे देत होती, माणसाचं बोलणं कॉम्प्युटरला समजवण्याच्या. त्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात मूळचे आंध्रचे राज रेड्डी आणि त्यांचे विद्यार्थी होते. 1976 मध्ये त्यांच्या 'हार्पी' या प्रणालीने 1011 शब्द ओळखून दाखवले. हाइलमायर संचालक असतानाच हा कार्यक्रम संपला, आणि पुढच्या टप्प्याला पैसे मिळाले नाहीत. या विषयात डार्पा परत मोठ्या प्रमाणावर उतरली ती ऐंशीच्या दशकात. रेड्डींना पुढे, 1994 मध्ये, ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आज आपण फोनला म्हणतो, "घरी फोन लाव," आणि तो लावतो. म्हणजे बघा, फोनची काच हाइलमायरमुळे सुरू झाली, आणि फोनचे कान त्याच्या काळात थांबले.

तो चुकला का? 1976 चा कॉम्प्युटर आठवा. खोलीभर यंत्र, आणि एक वाक्य समजायला बोलण्यापेक्षा जास्त वेळ. 'कुणाला फरक पडणार, पैसे किती, वेळ किती' या प्रश्नांना तेव्हा प्रामाणिक उत्तर काय होतं? आणि 1964 मध्ये त्याच्या दुधी काचेला हेच प्रश्न कुणी विचारले असते, तर ती पास झाली असती का? मला वाटतं, पहिल्या तीन प्रश्नांत झाली असती. पैसे आणि वेळेच्या प्रश्नावर अडकली असती. टीव्ही जवळ आलाय असं त्याला वाटलं होतं. शार्पने 14 इंची रंगीत एलसीडी दाखवली 1988 मध्ये. त्या पत्रकार परिषदेनंतर 20 वर्षांनी.

माझ्या प्रोजेक्टची गोष्ट

आता थोडं माझं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी एक प्रोजेक्ट मांडला होता. आमच्या गावच्या फाट्यावर एक डिस्प्ले लावायचा, पुढची बस कधी येणार ते दाखवणारा. डिस्प्ले कोणता? अर्थात 'सोळा बाय दोन'. इलेक्ट्रॉनिक्सवाले हसले असतील. हिरवट पाटीवर दोन ओळी, सोळा-सोळा अक्षरं, प्रत्येक बॅचच्या प्रत्येक प्रोजेक्टला असणारा. मला तेव्हा माहीतही नव्हतं, पण तो हेलफ्रिखच्या पिळाचाच नातू.

गाईड सरांनी कागद बघितला आणि विचारलं, "बस कुठे पोचली, हे या डब्याला कोण सांगणार?" मी म्हटलं, जीपीएस. ते म्हणाले, "प्रत्येक बसला? खर्च कोण करणार?" मी गप्प. "दुसरा विषय घे." मी पाणी सोडायचा पंप आपोआप चालू-बंद करणारं काहीतरी बनवलं, पास झालो, आणि पुढची कित्येक वर्षं मित्रांना सांगत राहिलो की माझी कल्पना सरांनी मारली.

हा भाग लिहिताना मी हाइलमायरचे प्रश्न त्या प्रोजेक्टला लावून बघितले. खरं सांगतो, सर बरोबर होते. त्या वर्षी माझ्याकडे चौथ्या प्रश्नापुढे एकही उत्तर नव्हतं. पण आज? आज ड्रायव्हरच्या खिशातला फोनच सांगू शकतो बस कुठे आहे. सरांचा प्रश्न तोच आहे, उत्तर बदललंय. चूक कुठे झाली असेल, तर ती माझी. मी तो प्रश्न परत कधी विचारलाच नाही. राग धरून बसलो, वही उघडली नाही.

या तीन नकारांतून मला एवढं दिसतं, की नकार बऱ्याचदा त्या दिवसापुरता बरोबर असतो. काच मंद होती, पोलरायझर प्रकाश खात होते, कॉम्प्युटर हळू होते. तिन्ही वेळा कारण खरं होतं. पण औषधाच्या बाटलीवर असते तशी नकारालाही एक तारीख असते, आणि ती कुणी वाचत नाही. देणाराही नाही, घेणाराही नाही. शार्पने वाचली. हेलफ्रिखने वाचली; 'दोन पोलरायझर लागतात' हे ऐकून तो कल्पना टाकून गेला नाही, दुसऱ्या गावी घेऊन गेला.

हाइलमायर पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये मोठ्या पदावर गेला, 1991 पासून बेलकोरचा प्रमुख होता. 2005 मध्ये जपानने त्याला क्योटो पुरस्कार दिला. ज्या देशाने त्याची काच दुकानापर्यंत नेली, त्याच देशाने. आणि 2012 मध्ये एलसीडीसाठी अभियांत्रिकीतला ड्रेपर पुरस्कार जाहीर झाला, चार जणांना मिळून: हाइलमायर, हेलफ्रिख, शाट आणि ब्रोडी. ब्रोडी काही महिन्यांपूर्वीच, 2011 मध्ये, गेले होते. नाही म्हणणारा आणि ज्याला नाही म्हटलं तो, दोघं एकाच यादीत, एकमेकांशेजारी. 21 एप्रिल 2014 ला हाइलमायर गेला. 77 वर्षांचा होता.

तो फुटलेला पॅनेल अजून माझ्या टेबलावर आहे. दादांनी सांगितल्याप्रमाणे फोडला नाही. कोपऱ्यातला काळा डाग पसरून आता अर्ध्या काचेवर आलाय.

तुमच्याकडे असा एखादा जुना नकार असेल, वहीत, मेलमध्ये किंवा डोक्यात, तर या आठवड्यात एकदा बाहेर काढा. हाइलमायरचे सात प्रश्न लावून बघा. नकार अजून बरोबर वाटला तर शांतपणे परत ठेवून द्या. नाही वाटला, तर मला नक्की कळवा. माझ्या फाट्यावरच्या बसचं काय झालं, तेही सांगेन.

भेटू पुढच्या भागात. तोवर फोन जिन्यावर सांभाळा!